कळसूबाईच्या दीडपट उंचीवर संकष्टी

परवा भाच्याने विचारलं, मावशी ते विमानात "कोणी डॉक्टर आहे का" असं खरंच विचारतात का गं, का ते फक्त पिक्चरमध्ये असतं? म्हटलं अरे बाळा, चौदा वर्षं केबिन क्रूमध्ये काढली, ती अनाउन्समेंट मी झोपेतून उठवलं तरी तीन भाषांत म्हणून दाखवीन. नोकरी सोडून आता काही वर्षं झाली (गुडघे आणि लेक, दोन्ही कारणं), पण लोकं विमानाबद्दल काय काय समजून बसलेली असतात ते ऐकलं की अजून हात शिवशिवतात, म्हणून हे लिहितेय.

गोष्ट लंडन-मुंबई फ्लाइटची आहे. रात्रीचं उड्डाण, जेवणं वाटून झाली, लाइट कमी केले, अर्धं विमान घोरतंय. मी मागच्या गॅलीत, म्हणजे विमानाच्या स्वयंपाकघरात, जंपसीटवर (आमची घडीची खुर्ची) बसून सँडल अर्धवट काढून पाय मोकळे करत होते आणि माझ्यासोबतची ज्युनियर मुलगी चहा ओतत होती. टॉयलेटच्या लाइनीत एक काका उभे होते, साधारण सत्तरीचे, स्वेटर, मफलर, एकदम टिपिकल मुलाकडे तीन महिने राहून परत निघालेले. मला म्हणाले, "बाळ, जरा घाम येतोय गं मला," आणि मी उठेपर्यंत ते भिंतीला घासत घासत खाली. धाडकन नाही, हळूच, गोणी सरकावी तसे. चेहरा पांढराफटक.

आता इथे थांबून हवेबद्दल सांगते कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बहुतेक लोकांना वाटतं की विमानात आपण जमिनीवरचीच हवा डब्यात भरून वर नेतो आणि तीच सगळे मिळून नऊ तास ओढतो. दोन्ही चूक. हवा सतत बाहेरून येते, आणि कुठून येते तर इंजिनातून. ऐकून लोक दचकतात, पण इंजिनाच्या पुढच्या भागात हवा दाबून दाबून गरम केलेली असते, तिच्यात इंधन मिसळायच्या आधीच थोडी बाजूला काढून घेतात, तिला ब्लीड एअर म्हणतात. ती दोनशे डिग्रीच्या वर तापलेली असते. मग विमानाच्या पोटात दोन मशिनं असतात, आम्ही त्यांना नुसतं पॅक म्हणायचो, ती त्या हवेला बाहेरच्या गारठ्याने निववतात आणि मग एका टर्बाइनमधून पसरू देतात, पसरली की हवा अजून गार होते. आपल्या घरच्या एसीसारखा गॅस वगैरे काही नाही, हवेनेच हवा गार करायची. जुलैत मुंबईला बोर्डिंग चालू असताना वरच्या फटीतून पांढरा धूर येताना दिसतो ना, तो धूर नाही, मुंबईची दमट हवा एकदम गार झाल्यावर झालेलं धुकं आहे. दर पावसाळ्यात किमान एक तरी माणूस "आग लागली आग लागली" करून उभा राहायचाच.

मग ही हवा जाते कुठे, तर मागच्या बाजूला पोटाखाली एक झडप असते, आउटफ्लो व्हॉल्व्ह, तिथून बाहेर. हे समजायला मला ट्रेनिंगमध्ये दोन दिवस लागले होते आणि मग आमच्या इन्स्ट्रक्टरने मोरीतली बादली सांगितली आणि पाच सेकंदात कळलं. बादलीला तळाशी भोक आहे, वरून नळ चालू आहे, भोक लहानमोठं करून पाण्याची पातळी एका जागी ठेवायची. बस. केबिन प्रेशर म्हणजे एवढंच. विमान हवाबंद डबा नाहीये, गळकी बादली आहे, फक्त गळती आपल्या ताब्यात आहे.

बरं, केबिनमधली अर्धी हवा ताजी असते आणि अर्धी फिरवून परत आणलेली, पण ती हेपा फिल्टरमधून येते, ऑपरेशन थिएटरला असतात त्या जातीचा, ०.३ मायक्रॉनचे कणसुद्धा ९९.९७ टक्के अडवतो. दोन-तीन मिनिटांत केबिनमधली सगळी हवा बदललेली असते. तुमच्या ऑफिसातल्या मीटिंग रूमपेक्षा कितीतरी बरी. शेजारचा खोकला तर तुम्हाला मिळू शकतो, नाही असं नाही, पण त्याला कारण शेजारी, एसी नव्हे.

खरी गोम वेगळीच आहे. बादलीची पातळी जमिनीएवढी ठेवतच नाहीत. तेवढा दाब आत ठेवायचा तर विमान जाड, जड करावं लागेल, म्हणून नियमाने केबिनची उंची जास्तीत जास्त ८,००० फुटांइतकी चालते. म्हणजे विमान ३७,००० फुटांवर असलं तरी आत तुमच्या शरीराला वाटतं आपण आठ हजार फुटांच्या डोंगरावर बसलोय. नवीन ड्रीमलायनर किंवा ए३५० असेल तर सहा हजाराच्या आसपास. (ड्रीमलायनर इंजिनातून हवा घेतच नाही, वेगळे विजेवरचे कॉम्प्रेसर आहेत, पण असो.) आपलं कळसूबाई ५,४०० फूट. सिमला सुद्धा आठ हजाराच्या खाली. तर जे आजोबा बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली तर दुसऱ्या मजल्यावर चढत नाहीत त्यांना आपण व्हीलचेअरवरून आणून, बेल्ट लावून, वीस-पंचवीस मिनिटांत कळसूबाईच्या दीडपट उंचीवर नेऊन बसवतो, वर नऊ तास ठेवतो, आणि त्यांना आणि त्यांच्या मुलांना यातलं काहीही माहीत नसतं कारण आत पिक्चर चालू आहे आणि ट्रेमध्ये पुडिंग आहे.

ऑक्सिजनचं प्रमाण तिथे २१ टक्केच असतं, दाब कमी असतो, म्हणून शरीराला जमिनीवरच्या १५ टक्क्यांएवढाच मिळतो. धडधाकट माणसाला काही कळत नाही. ज्याचं हृदय, फुप्फुस किंवा रक्त आधीच काठावर आहे त्याला कळतं.

तर काका. मी त्यांना तिथेच गॅलीच्या जमिनीवर आडवं केलं, पाय ट्रॉलीतल्या एका रिकाम्या मेटलच्या डब्यावर ठेवले, मफलर सोडला. ज्युनियरला म्हटलं ऑक्सिजनची बाटली, किट आणि एईडी आण, म्हणजे ते शॉक द्यायचं मशीन, आणि पुढच्या क्रूने इंटरकॉमवर कॅप्टनला कळवलं. आमचं हे तोंडपाठ असतं, एकाने पेशंटला सोडायचं नाही, एकाने सामान आणायचं, एकाने फक्त बोलायचं आणि लिहायचं. पडदा ओढला. तेवढ्यात चौतीस नंबरच्या रांगेतून काकू आल्या, पायात मोजे, हातात पर्स, आणि पहिलं वाक्य, "तरी मी यांना सांगत होते!"

काय सांगत होत्या तर त्या दिवशी संकष्टी होती. काकांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, फक्त चहा. जेवणाचा ट्रे परत पाठवला कारण चंद्र दिसल्याशिवाय जेवायचं नाही. आणि चंद्रोदय लंडनचा धरायचा की मुंबईचा यावर दोघांचं एअरपोर्टवर भांडण झालं होतं. बीपीची गोळी मात्र वेळेवर घेतली होती, रिकाम्या पोटी, ती चुकवायची नाही ना.

अनाउन्समेंट केली. एक बाई उठून आल्या, चाळिशीच्या, कोल्हापूरच्या. "मी स्किनची डॉक्टर आहे, चालेल का?" म्हटलं मॅडम पळेल. खरं सांगते, कुठलाही डॉक्टर चालतो, कारण तिथे अवघड निदान करायचं नसतं, डोकं शांत ठेवून बघणारं माणूस हवं असतं. २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या डॉक्टरांच्या मासिकात एक मोठा अभ्यास आला होता, पाच एअरलाइन्स, जवळजवळ १२ हजार केसेस. त्यात दर ६०४ फ्लाइटमागे एक मेडिकल इमर्जन्सी निघाली, आणि त्यातल्या ३७ टक्के नुसत्या चक्कर-बेशुद्धीच्या. जवळजवळ निम्म्या केसेसमध्ये कोणी ना कोणी डॉक्टर प्रवासी मदतीला आला होता. विमान मध्येच उतरवायला लागलं ते फक्त सात टक्क्यांत. आमचाही अनुभव तोच, दहातले चार जण असेच, उपाशी, झोप नाही, पाणी नाही, एकदम उठले आणि चक्कर येऊन पडले. हवा किती कोरडी असते माहितेय का, दमटपणा दहा ते वीस टक्के, वाळवंटासारखी. लोक टॉयलेटला जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत. खिडकीतली काकू-आजी मंडळी तर खासच, शेजारच्याला उठवायला लाज वाटते म्हणून मुंबईपर्यंत घसा कोरडा.

डॉक्टर मॅडमनी स्टेथोस्कोप लावला आणि दोन सेकंदांत काढला. ऐकू येतच नाही. मागच्या गॅलीत इंजिनाचा इतका आवाज असतो की छातीतलं काय, माणूस बोललेलं कळत नाही. मग त्यांनी जुनी पद्धत वापरली, मनगटावर नाडी धरली, बीपीचा पट्टा फुगवला, हळूहळू हवा सोडली आणि नाडी परत बोटाला लागली तिथला आकडा बघितला. वरचा आकडा मिळतो, खालचा नाही. नव्वद.

आणि मग काकूंनी पर्समधून ऑक्सिमीटर काढला! "कोविडात घेतलेला, अजून चालतोय." मॅडमनी काकांच्या बोटाला लावला. ८९. मॅडमचा चेहरा बदलला, साहजिक आहे, दवाखान्यात ८९ दिसला तर धावपळ होते. मी तोच काढून माझ्या बोटाला लावला. ९३. मॅडमच्या बोटाला, ९४. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हटलं मॅडम इथे आपण सगळेच थोडे कमी आहोत. तेव्हा त्यांना पटलं की काकांचा आकडा वाईट आहे पण वाटला तितका वाईट नाही.

इथे काकू म्हणाल्या, अगं तो वरून पडतो तो पिवळा मास्क द्या ना. हे सगळेच म्हणतात म्हणून सांगून टाकते. तो मास्क एका माणसासाठी नसतोच. केबिनची हवाच गेली, आतली उंची चौदा हजाराच्या आसपास पोचली, तर ते आपोआप पडतात. बहुतेक विमानांत तुमच्या डोक्यावर सिलिंडर नसतो, एक छोटी केमिकलची नळी असते, मास्क ओढला की रिअॅक्शन सुरू होते, नळी तापते, जळका वास येतो, आणि ती साधारण बारा-पंधरा मिनिटं चालते, बंद करता येत नाही. तेवढ्यात पायलट विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणतो. आजारी माणसासाठी वेगळी बाटली असते, आमच्याकडे ३१० लिटरची होती, चार लिटरवर ठेवली तर सव्वा तास जाते. म्हणजे घरी ऑक्सिजनवर असलेल्या माणसाने "विमानात असतोच की" म्हणून यायचं नसतं, एअरलाइनला आधी फॉर्म भरून कळवायचं असतं. न कळवता आलेले किती बघितलेत विचारू नका.

त्या बाटलीवरून आठवलं. २००५ मध्ये हेलिओस एअरलाइनचं बोइंग ७३७ सायप्रसहून अथेन्सला निघालं होतं. मेंटेनन्सनंतर प्रेशरचा स्विच ऑटोऐवजी मॅन्युअलवर राहिला, म्हणजे बादलीचं भोक बघणारं कोणी नाही. भोंगा वाजला तो पायलटना वेगळ्याच वॉर्निंगचा वाटला, दोन्हींचा आवाज एकच होता. ३४ हजार फुटांवर सगळे बेशुद्ध आणि विमान ऑटोपायलटवर आपलं चाललंय. फक्त एक केबिन क्रू, आंद्रेयास प्रोद्रोमू, जागा होता, बहुतेक या अशाच हातातल्या बाटल्यांवर, ग्रीसच्या एफ-१६ लढाऊ विमानांच्या पायलटांनी त्याला कॉकपिटमध्ये शिरताना पाहिलं. तोपर्यंत इंधन संपत आलं होतं. १२१ माणसं गेली. ट्रेनिंगला ही केस शिकवायचे तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल असं व्हायचं. आपल्याकडे २०१८ मध्ये मुंबई-जयपूर फ्लाइटला ब्लीडचा स्विच चालू करायचा राहिला होता, मास्क पडले, बऱ्याच जणांच्या नाका-कानातून रक्त आलं, पण वेळीच कळलं आणि विमान मुंबईला परत आलं.

मूळ मुद्द्यावर येते. दाब कमी झाला की ऑक्सिजन कमी होतो हे एक, आणि अडकलेली हवा फुगते हे दुसरं. साधारण एक तृतीयांश जास्त. चिवड्याचं पाकीट वर गेल्यावर उशीसारखं टम्म होतं ना, तेच तुमच्या पोटात, कानात, सायनसमध्ये, आणि जिथे हवा असायला नको तिथे असेल तर तिथेही. पोटाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर इतके दिवस विमान नको म्हणतात ते यासाठी, उगाच नाही. तारकर्लीला सकाळी स्कुबा आणि संध्याकाळी मोपाहून फ्लाइट असा प्लॅन करणाऱ्यांनी पण ऐका, ते वेगळं कारण आहे, रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, एका डाइव्हनंतर किमान बारा तास आणि जास्त डाइव्ह केल्या तर अठरा तास जाऊ द्या.

याची सगळ्यात भारी केस म्हणजे १९९५ ची. हाँगकाँगहून लंडनला निघालेलं ७४७, एक बाई एअरपोर्टला येताना मोटरसायकलवरून पडली होती आणि कोणाला बोलली नाही. विमानात बसल्यावर हात दुखतो म्हणाली. विमानात अँगस वॉलेस म्हणून हाडांचे प्रोफेसर होते आणि अजून एक तरुण डॉक्टर, त्यांनी हाताला पट्टी बांधली. पुढे तिला छातीत दुखायला लागलं, श्वास घेता येईना. बरगडी मोडून फुप्फुसाबाहेर हवा साठली होती, आणि अशी अडकलेली हवा वर गेल्यावर फुगते. आता ती हवा काढायला छातीत नळी घालायला हवी. किटमध्ये भूल द्यायचं इंजेक्शन होतं, नळी होती ती लघवीची, मऊ, आत जाईना. मग कोटाच्या हँगरची तार सरळ करून नळीत घातली, ब्रँडीने निर्जंतुक केली, आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं, म्हणजे हवा बाहेर जाईल पण परत आत येणार नाही. बाई वाचली. मला त्यात हँगरपेक्षा जास्त ते पहिलं वाक्य आठवतं, ती कोणाला बोलली नाही. आमच्या प्रत्येक दुसऱ्या केसमध्ये हेच. छातीत सकाळपासून दुखत होतं पण तिकीट महाग होतं. गोळ्या चेक-इनच्या बॅगेत आहेत. डायलिसिस काल चुकलं.

इकडे कॅप्टनने सॅटेलाइट फोनवर जमिनीवरच्या डॉक्टरांना गाठलं होतं, अशी सर्व्हिसच असते, आम्ही आकडे सांगायचे, ते काय करायचं ते सांगतात. आम्ही तुर्कस्तानच्या आसपास होतो. काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या खाली उतरवा ना इथेच कुठेतरी. उतरवायचं की नाही ते शेवटी कॅप्टन ठरवतो, आणि ठरवलं तरी तेवढ्या उंचीवरून जमिनीला टेकायला अर्धा तास सहज जातो, विमान लँडिंगसाठी जड असेल तर इंधन आकाशात सोडावं लागतं, आणि अनोळखी गावात रात्री दोन वाजता हॉस्पिटल कसं असेल हाही प्रश्न असतोच. हार्ट अटॅक, स्ट्रोक असता तर हे काही बघितलं नसतं. पण ऑक्सिजन लावल्यावर दहा मिनिटांत काकांचा आकडा ९६ झाला, पाय वर ठेवल्याने रंग परत आला, वरचा बीपी एकशे दहा. छातीत दुखत नाही, हातपाय नीट हलतात, तोंड वाकडं नाही, हे मॅडमनी तीनदा तपासलं. जमिनीवरचे डॉक्टर म्हणाले चालू ठेवा, दर पंधरा मिनिटांनी आकडे घ्या, तोंडाने पाणी आणि साखर द्या.

आणि इथे काका अडले. मास्क बाजूला करून म्हणतात, "चंद्र उगवला का?"

काकू म्हणाल्या, "अहो सफरचंदाचा ज्यूस उपासाला चालतो की हो!" काका म्हणाले तो डब्यातला आहे, त्यात काय घातलंय कोणास ठाऊक. स्किनच्या डॉक्टर मॅडम, इतका वेळ इतक्या शांत, त्या पहिल्यांदा वैतागल्या, "काका, मी गणपतीला सांगते, तुम्ही प्या." अर्धा ग्लास प्याले. बाकीचा हट्ट तसाच.

मागच्या दरवाजाला एक छोटी खिडकी असते, हाताच्या पंजाएवढी, थंडगार. ज्युनियर मुलगी तिला नाक लावून बघत होती, उगाच, चंद्रबिंद्र काही तिच्या डोक्यात नसेल, वय बावीस. एकदम म्हणाली, "मॅम, मून." मी बघितलं. विमान पूर्वेकडे चाललेलं असलं की चंद्र लवकर समोर येतो, ढग सगळे खाली, त्यामुळे तो इतका स्वच्छ आणि जवळ होता की मलाच हात जोडावेसे वाटले. काकूंना धरून उभं केलं, दरवाजाच्या हँडलला हात लावू नका एवढं सांगितलं, त्यांनी पदर सावरून नमस्कार केला आणि वळून काकांना म्हणाल्या, "झाला हो. आता कुठला धरायचा ते घरी गेल्यावर बघू."

काकांनी मला विचारलं, बाळ, आता जेवण मिळेल का. व्हेज केव्हाच संपलं होतं. माझ्या क्रू मीलमधला दालराइस शिल्लक होता, तोच ओव्हनमध्ये गरम करून दिला, आणि जमिनीवर बसून, एका नाकपुडीशी ऑक्सिजन धरून, त्यांनी तो चमच्याने निवांत संपवला.